व्हिडिओ गेम कन्सोलमधील फेरफार : खर्च आणि जोखीम

कन्सोलमध्ये फेरफार करताना चिपची किंमत व कारागिराची मजुरी एवढाच हिशेब सामान्यतः मांडला जातो. तो अपुरा आहे. प्लेस्टेशन २ मध्ये ‘मॉडचिप’ बसविण्यासाठी मुख्य सर्किट बोर्डावर अनेक बारीक तारा सोल्डर कराव्या लागत. एखादी तार चुकीच्या जागी चिकटली तरी संपूर्ण यंत्र निकामी होण्याचा संभव असे. वॉरंटी तर जाईच. दुसरी जोखीम उशिरा प्रकट होते. नोव्हेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने फेरफार केलेले एक्सबॉक्स ३६० संच मोठ्या संख्येने आपल्या ऑनलाइन सेवेतून वगळले. यंत्रे चालू राहिली, परंतु इतरांसमवेत ऑनलाइन खेळणे संपले.

कायद्याची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. ‘स्टीव्हन्स विरुद्ध सोनी’ खटल्यात २००५ साली ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च स्तरावरील न्यायालयाने मॉडचिप विक्रेत्याच्या बाजूने निर्णय दिला; पुढच्याच वर्षी तेथील कायदा बदलण्यात आला. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले प्रताधिकार कायद्याचे कलम ६५अ हेतूकडे पाहते : हक्कभंगाच्या उद्देशाने संरक्षक तंत्रव्यवस्था भेदणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. परदेशातून विकत आणलेली अस्सल डिस्क चालविण्यासाठी केलेला फेरफार आणि नकली डिस्कसाठी केलेला फेरफार यांत म्हणूनच भेद करावा लागतो. अडचण एवढीच की, चिप दोन्हींसाठी एकच असते.