पिवळा दिवा किती सेकंद? उत्तर ब्रेकमध्ये!

पिवळा दिवा दिसला की कुणी रेस पिळतो, कुणी करकचून ब्रेक दाबतो. ही वेळ किती असावी, याचं गणित १९६० मध्ये अमेरिकेत गाझिस, हर्मन आणि मॅराड्यूडिन या शास्त्रज्ञांनी मांडलं.

समजा, सांगलीच्या सपाट रस्त्यावर कार ताशी ५० किमी वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर जातेय. ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद, १४ मीटर संपले. मग बेताच्या ब्रेकने (दर सेकंदाला वेग ताशी ११ किमीने कमी) थांबायला आणखी ३२ मीटर. एकूण ४६. रेषा याहून जवळ असेल, तर थांबणं अवघडच. मग त्याच वेगाने हे अंतर कापायला लागणारे ३.३ सेकंद पिवळा हवा.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या साताऱ्यात मात्र उतार आहेत. ५ टक्के उतारावर हाच हिशेब ३.७ सेकंदांवर जातो. तिथे तीनच सेकंद ठेवले, तर नियम पाळणाराही कात्रीत सापडतो.

आणि गळीत हंगामात? उसाने भरलेल्या ट्रॅक्टरचा ब्रेक निम्म्या ताकदीचा धरला, तर ताशी २५ किमीलाही ३.३ सेकंदच लागतात. त्यात मागची दुसरी ट्रॉली चौकातून बाहेर पडायची असते. तिच्यासाठी पिवळ्यानंतर क्षणभर चारही बाजूंना लाल ठेवावा लागतो.