कॅसेटमध्ये साठवलेला संगणक

१९८२ हे वर्ष जिल्ह्याच्या स्मरणात राहिले ते लातूर वेगळे झाले म्हणून. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये इंग्लंडमध्ये सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ नावाचा एक छोटा संगणक बाजारात आणला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. त्या काळी धाराशिव शहरात रेल्वे नव्हती. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी येडशी, ढोकी या वाटेने लातूरला जात असे. तरीही पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रातील मोजक्या मध्यमवर्गीय घरांत हे यंत्र पोहोचले. कुठे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाने ते आणून दिले, तर कुठे शिकायला गेलेल्या मुलाने सुटीत बरोबर आणले.

यास एक कारण घरचेच होते. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने तो संगणक भारतात विकण्यास आरंभ केला. नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने नवे संगणक धोरण जाहीर करून आयातीचे नियम सैल केले होते. १९८४-८५ मध्येच ‘क्लास’ प्रकल्पाद्वारे देशातील २५० शाळांत बीबीसी मायक्रो संगणक देण्यात आले. संगणक हे केवळ सरकारी कचेरीतील वातानुकूलित खोलीत ठेवायचे यंत्र नसून घरातील मेजावरही ते मावते, ही गोष्ट लोकांना प्रथमच कळू लागली.

आवाजातून येणारे चित्र

या संगणकाला स्वतःचा पडदा नव्हता, तबकडी नव्हती. घरातला दूरदर्शन संच हाच त्याचा पडदा आणि गाणी ऐकण्याचा टेपरेकॉर्डर हीच त्याची साठवण. साहजिकच संध्याकाळी बातम्या किंवा मालिका लागली की संगणक बंद होई आणि घरातील वडीलधाऱ्यांचा हक्क आधी मानला जाई.

‘जे’ ही कळ दाबली की पडद्यावर ‘लोड’ हा संपूर्ण शब्द उमटे. त्यानंतर कॅसेट सुरू करायची. पडद्याच्या कडेला प्रथम लाल-आकाशी आणि मग निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावू लागत. टेपमधून कर्कश, किंचाळणारा आवाज येई. तो आवाज म्हणजेच माहिती होती. स्मृती अवघी ४८ किलोबाइट, आणि ती पूर्ण भरायला सुमारे पाच मिनिटे लागत. आज भ्रमणध्वनीवर काढलेले तीन मेगाबाइटचे एक छायाचित्र त्या संपूर्ण स्मृतीच्या साठपटींहून मोठे असते.

पाच मिनिटे श्वास रोखून बसल्यावर शेवटी ‘टेप लोडिंग एरर’ ही ओळ आली, तर पुन्हा पहिल्यापासून. आवाज थोडा कमी-जास्त करायचा किंवा टेपच्या शीर्षालगतचा बारीक स्क्रू हलक्या हाताने फिरवायचा. आणि वीज गेली तर सारेच गेले. यंत्राची स्मृती विजेवरच तगून असे; दोन तास बसून मासिकातून टंकलेला कार्यक्रम टेपवर उतरवून ठेवला नसेल, तर क्षणात नाहीसा होई. मराठवाड्यातील वीजपुरवठा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना दर दहा ओळींनंतर टेपवर नोंद करण्याची सवय का लागली, हे वेगळे सांगायला नको. पेढीवर दिवसाची रोकड दिवसालाच लिहिणाऱ्या घरांना ही शिस्त अपरिचित नव्हती.

शिरोरेषा म्हणजे २५५

या यंत्राला मराठी येत नव्हते. मात्र त्यात स्वतःची २१ अक्षरे घडवण्याची सोय होती. प्रत्येक अक्षर आठ बाय आठ चौकटींचे. आलेखाच्या कागदावर चौकटी रंगवायच्या, प्रत्येक ओळीतील रंगवलेल्या चौकटींना १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १ अशा किमती द्यायच्या व त्यांची बेरीज यंत्राला सांगायची. ओळीतल्या आठही चौकटी भरल्या की बेरीज २५५. म्हणजेच देवनागरीची शिरोरेषा. शेजारी-शेजारी ठेवलेल्या अक्षरांच्या शिरोरेषा आपोआप जुळत आणि पडद्यावर सलग मराठी शब्द उभा राही.

परंतु आठ ओळींत शिरोरेषेच्या वरची वेलांटी आणि खालचा उकार बसवताना मूळ अक्षराचाच जीव गुदमरे. शिवाय मराठीतील नुसत्या व्यंजनांसाठीसुद्धा २१ जागा अपुऱ्या पडत. हा प्रश्न संस्थांच्या पातळीवरच सुटायचा होता. कानपूरच्या आयआयटीत विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. आज ‘धाराशिव’ हा शब्द कोणत्याही भ्रमणध्वनीवर बोटाच्या चार हालचालींत उमटतो, त्यामागे एवढी वाटचाल आहे.

वडील, मुलगा आणि वही

व्यापारी कुटुंबात संगणकाविषयी पहिला प्रश्न एकच असे : याचा उपयोग काय? या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर बंगळुरूच्या एका घरात मिळाले. श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या व्यवसायाचे हिशेब ठेवण्यास योग्य अशी संगणक प्रणाली सापडेना. म्हणून गणिताचा पदवीधर असलेला त्यांचा मुलगा भारत याने ती स्वतःच लिहिली. १९८६ मध्ये सुरू झालेल्या त्या उद्योगातून पुढे ‘टॅली’ घडली. आज दिवाळीला अनेक पेढ्यांवर वहीबरोबर संगणकालाही कुंकू लागते. मुलाचा छंद आणि वडिलांची गरज एकत्र आली म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण आहे.

स्पेक्ट्रमवर शिकलेल्या सगळ्यांनीच काही संगणकाला व्यवसाय केले नाही. परंतु यंत्र चुकले तर दोष बहुधा आपल्याच ओळीत असतो, तो शांतपणे शोधावा लागतो, हे त्यांना लवकर कळले.

माळ्यावरचा ठेवा

हा ठेवा आता झपाट्याने नष्ट होत आहे. कॅसेटच्या फितीवरचा लोहकणांचा थर दमट हवेने व बुरशीने खराब होतो. घरी लिहिलेले कार्यक्रम जगात दुसरीकडे कोठेही नसतात. ती फीत गेली की ते कायमचे गेले. सुदैवाने ती माहिती म्हणजे आवाजच असल्यामुळे ती वाचवणे अवघड नाही. चांगला टेपरेकॉर्डर आजच्या संगणकाला जोडून तो आवाज न दाबता, ‘वेव्ह’ स्वरूपात नोंदवून घ्यावा. त्यावरून मूळ कार्यक्रम पुन्हा उभा करणारी आणि जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी साधने विनामूल्य उपलब्ध आहेत.

जुने यंत्र मात्र हाती लागेल त्या अ‍ॅडॅप्टरने सुरू करू नये. स्पेक्ट्रमला नऊ व्होल्ट लागतात आणि त्याच्या पिनेचा मध्य ऋण असतो. आज सर्रास मिळणाऱ्या अ‍ॅडॅप्टरमध्ये बहुधा उलट असते. जाणकाराकडून तपासून घेतल्यावाचून वीज जोडणे म्हणजे यंत्र गमावणे होय.

आणि एक काम विजेविना होण्याजोगे आहे. ते यंत्र कोणी, कोणत्या वर्षी, किती रुपयांना आणले, त्यासाठी घरातला कोणता खर्च मागे ठेवला, त्यावर पहिला कार्यक्रम कोणी लिहिला, हे सांगणारी माणसे आज घरात आहेत. त्यांना विचारून ते एका कागदावर लिहावे आणि तो कागद यंत्राच्या पेटीतच ठेवावा. पुढची पिढी पेटी उघडील तेव्हा तिला प्लास्टिकच्या तुकड्याबरोबर आपल्या घराचा इतिहासही हाती लागेल.