विश्लेषण : विडी-सिगारेटमुळे ‘पुरुषी ताकद’ खरेच घटते का?

तंबाखूने कर्करोग होतो, हे माढा, कुर्डुवाडी किंवा टेंभुर्णीच्या एसटी स्थानकाजवळच्या टपरीवर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पाकिटावरच्या चित्राने ते काम केले आहे. पण तीच विडी-सिगारेट लैंगिक ताठरतेवर आणि मूल होण्याच्या क्षमतेवर घाला घालते, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. त्रास सुरू झाला की दोष कामाच्या ताणाला किंवा वयाला दिला जातो. मूल होत नसेल, तर अनेक घरांत पहिली तपासणी सुनेची होते.

धूर आणि ताठरता यांचा संबंध काय?

ताठरता ही मुळात रक्तपुरवठ्याची गोष्ट आहे. उत्तेजना निर्माण झाली की मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. त्याने स्नायू सैल पडतात, वाहिन्या रुंदावतात आणि लिंगात रक्त भरते. या वायूच्या कार्याचा शोध लावल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेत मंजूर झालेली व्हायग्राची गोळीही याच साखळीवर काम करते.

धूर नेमका इथेच आडवा येतो. त्यातील रसायनांमुळे वाहिन्यांचे अस्तर खराब होते आणि हा वायू कमी तयार होतो. निकोटीन वाहिन्या आकसवते, तर कार्बन मोनॉक्साइड रक्तातील ऑक्सिजनची जागा बळकावतो.

उसाला ठिबक केलेल्या शेतकऱ्याला पुढचा भाग समजावून सांगावा लागणार नाही. पाण्यात क्षार असले की आधी ड्रीपर तुंबतात, मुख्य पाइप नंतर. लिंगाच्या धमन्या साधारण १ ते २ मिलिमीटर रुंद, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटर. त्यामुळे वाहिन्या खराब होऊ लागल्या की तक्रार आधी खाली दिसते. छातीत दुखण्याच्या दोन ते पाच वर्षे आधी ताठरतेची अडचण सुरू झाल्याचे अनेक रुग्णांत आढळले आहे. म्हणूनच धूम्रपान करणाऱ्या चाळिशीतल्या पुरुषाला असा त्रास होत असेल, तर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासणे गोळी घेण्याइतकेच, किंबहुना जास्त गरजेचे आहे. लाजेपोटी ही तक्रार लपवणारा माणूस हृदयविकाराची आगाऊ सूचनाही लपवत असतो.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वयोगटातील पुरुषांचा अनेक वर्षे पाठपुरावा झाला. सुरुवातीला ही तक्रार नसलेल्यांपैकी धूम्रपान करणाऱ्या २४ टक्के पुरुषांत पुढे मध्यम किंवा पूर्ण दोष निर्माण झाला. न करणाऱ्यांत हे प्रमाण १४ टक्के होते.

विडी ‘हलकी’ असते का?

नाही. विडीत तंबाखू कमी असते हे खरे. पण तेंदूचे पान, म्हणजे आपल्याकडच्या टेंभुर्णीचे (तालुक्यातल्या गावाचे आणि या झाडाचे नाव एकच), कागदासारखे हवा आत सोडत नाही. विडी विझू नये म्हणून वारंवार आणि जोरात झुरके घ्यावे लागतात. परिणामी निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नव्हे, जास्तच मिळू शकते.

तंबाखू खाणारे सुटले का?

हा प्रश्न आपल्या भागात अधिक महत्त्वाचा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे पुरुष ६ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे ३१.७ टक्के होते. तंबाखू-चुन्यात धूर नसला तरी निकोटीन असतेच. अमेरिकेत धूम्रपान न करणाऱ्या तरुणांना निकोटीनची गोळी चघळायला दिल्यावर त्यांच्या ताठरतेचा प्रतिसाद सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. प्रयोग छोटा होता, पण ‘धूर नाही म्हणजे धोका नाही’ हा समज त्यात टिकत नाही.

मूल न होण्याचे काय?

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचा पूर्ण किंवा काही अंशी वाटा असतो. ‘युरोपियन युरॉलॉजी’ या नियतकालिकात २०१६ मध्ये २० अभ्यासांतील ५,८६५ पुरुषांची माहिती एकत्र तपासली गेली. धूम्रपान करणाऱ्यांत शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही कमी आढळली. वीर्यतपासणी साधी आहे, स्त्रीच्या अनेक तपासण्यांपेक्षा स्वस्त आहे आणि त्यात कसलीही वेदना नाही. तरीही ती शेवटी होते, हे दुर्दैव.

भिंतीवरच्या जाहिरातींचे काय?

‘हमखास ताकद’ देणाऱ्या औषधांची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषध व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. तरी अशा पाट्या दिसतातच. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळवलेली गोळीही धोक्याची. छातीत दुखते म्हणून सॉर्बिट्रेटसारखे नायट्रेट औषध घेणाऱ्याने व्हायग्रा वर्गातील गोळी घेतली, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

सोडल्यावर फरक पडतो का?

पडतो, पण वय आणि किती वर्षे ओढली यावर अवलंबून. इराणमधील एका अभ्यासात धूम्रपान सोडलेल्यांपैकी किमान २५ टक्के पुरुषांची ताठरता वर्षभरात सुधारली. ओढत राहिलेल्यांपैकी एकाचीही सुधारली नाही. मधुमेह असेल, तर तोही आटोक्यात आणावा लागतो.

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो. राज्यात सुटी सिगारेट आणि विडी विकण्यास सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, त्यामागे हेही एक कारण धरता येईल : सुटी घेणाऱ्याला ना चित्र दिसते, ना क्रमांक. नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण ७२ ते ७४ दिवस लागतात. त्यामुळे तंबाखू सोडल्यानंतर वीर्याची फेरतपासणी तीन महिन्यांनी करावी, आठवड्याभरात निकाल बदलला नाही म्हणून पुन्हा टपरी गाठू नये.