पाणबुड्याचे गणकयंत्र कितपत विश्वसनीय?

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांना लागून सरदार सरोवराचे पाणी पसरले आहे. अशा खोल पाण्यात शोधकार्यासाठी उतरणाऱ्या पाणबुड्याला बुडण्याइतकाच धोका असतो तो श्वासातील नत्रवायूचा. दाबाखाली हा वायू शरीरात विरघळतो; पाणबुडा घाईने वर आल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत विकार उद्भवतात.

पूर्वी यासाठी केवळ छापील तक्ते असत. हॉल्डेन यांनी १९०८ साली प्रसिद्ध केलेले तक्ते त्यांचा पाया होय. आता मनगटावरील डाइव्ह कॉम्प्युटर हे काम करतो. मात्र हे यंत्र मोजते ते दाब आणि वेळ. शरीरातील नत्रवायू ते मोजीत नाही, गणिताने अजमावते. हे गणित सर्व यंत्रांत सारखे नसल्याने एकाच बुडीत दोन यंत्रे निरनिराळी मुदत दाखवितात. तेव्हा कमी मुदत पाळावी, हेच शहाणपणाचे. पाणबुड्याचा थकवा तर कोणत्याच गणितात नीटसा बसत नाही.

समुद्रासाठी जुळविलेले यंत्र धरणाच्या गोड्या पाण्यात खोली सुमारे ३ टक्के कमी दाखविते. नत्रवायूचा हिशेब दाबावर चालत असल्याने तो बिघडत नाही. पण दोरीचे माप व यंत्राचा आकडा जुळत नाही आणि पथकात गोंधळ उडतो.

सकाळी एकाने वापरलेले यंत्र दुपारी दुसऱ्यास देऊ नये. त्यात पहिल्याच्याच शरीराचा हिशेब चालू असतो.