चल व संख्यादर्शन, संगणकीय
संगणकाच्या आज्ञावलीत बदलू शकणारे मूल्य साठविण्यासाठी नाव देऊन राखून ठेवलेल्या स्मृतिस्थानास ‘चल’ म्हणतात. ते मूल्य पडद्यावर किंवा कागदावर किती दशांश स्थळांपर्यंत व कोणत्या चिन्हांनी मांडावयाचे, हे ठरविणाऱ्या नियमांस संख्यादर्शन म्हणता येईल. दर्शन बदलल्याने मूल्य बदलत नाही. या दोहोंची गल्लत झाल्यास निर्णय चुकतात.

चलाची व्याख्या करताना त्याचे नाव, प्रकार, एकक व आरंभमूल्य निश्चित करतात. नगांच्या मोजणीस पूर्णांक पुरतो, तर लांबी किंवा व्यास यांसाठी दशांश स्थळे असलेला प्रकार लागतो. सोळा बिटांच्या सचिन्ह पूर्णांकात −३२,७६८ ते ३२,७६७ एवढीच मूल्ये मावतात. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ या यूरोपीय अग्निबाणाच्या आज्ञावलीत ६४ बिटांचे एक मूल्य अशा पूर्णांकात रूपांतरित करताना मर्यादेबाहेर गेले व उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला.

पवना नदीकाठचे पिंपळे सौदागर हे मुख्यतः निवासी उपनगर असून त्याच्या एका बाजूस पिंपरी-भोसरीचे यंत्रकारखाने व दुसऱ्या बाजूस हिंजवडीची सॉफ्टवेअर केंद्रे आहेत. या परिसरात संख्यादर्शनाचे महत्त्व सहज ध्यानात येते. समजा, २५ मिमी. व्यासाच्या शाफ्टसाठी ‘एच ७’ ही सह्यता ठरली आहे. म्हणजे व्यास २४·९७९ ते २५·००० मिमी. असावा. मोजलेला व्यास २५·००४ मिमी. असल्यास शाफ्ट नापास ठरतो. परंतु दोनच दशांश स्थळे दाखविणाऱ्या पडद्यावर तो २५·०० असा, म्हणजे निर्दोष, दिसतो. तसेच २४·९७६ हे मूल्य २४·९८ असे दिसून मर्यादेत बसल्यासारखे वाटते. म्हणून तुलना नेहमी साठविलेल्या मूल्याशी करावी आणि पडद्यावर निदान तीन दशांश स्थळे दाखवावीत. याउलट, उपकरण एक मायक्रॉनपर्यंतच (०·००१ मिमी.) मोजत असता सहा स्थळे दाखविणे ही खोटी अचूकता होय.

विरामचिन्हांचे संकेतही देशपरत्वे भिन्न आहेत. भारतीय पद्धतीतील १२,३४,५६७ ही संख्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत १,२३४,५६७ अशी लिहितात. जर्मनीत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. त्यामुळे ‘२५,००४’ ही मांडणी तेथे पंचवीस पूर्णांक चार सहस्रांश, तर येथे पंचवीस हजार चार अशी वाचली जाते. चाकण येथे २००९ पासून फोक्सवागेन या जर्मन कंपनीचा मोटार कारखाना आहे. अशा औद्योगिक संबंधांत आलेखनांवर व अहवालांवर कोणता संकेत वापरला आहे, हे स्पष्ट नमूद करणे इष्ट ठरते.

संगणक-नियंत्रित लेथवरही हाच धडा मिळतो. काही नियंत्रकांत, त्यांच्या मांडणीनुसार, ‘१००’ हा आकडा दशांश चिन्हाविना दिल्यास १०० मायक्रॉन व चिन्हासह दिल्यास १०० मिमी. असा घेतला जातो. एका टिंबाने अंतर हजारपट बदलते व हत्यार कामावर आदळू शकते. यास्तव चलाचे एकक आधी ठरवावे व दर्शनाचा विचार त्यानंतर करावा.