नाते आणि साम्य : डॅनिश, उइगुर आणि मराठी

दोन भाषांची तुलना करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. काही शब्द समोरासमोर मांडावेत, ते जुळले की भाषा एका कुळातल्या, न जुळल्यास परक्या, अशी अनेकांची समजूत असते. ती कितपत टिकते हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात एकमेकींपासून सर्वस्वी दूर असलेल्या दोन भाषा घेतल्या आहेत. डेन्मार्कची डॅनिश ही इंडो-युरोपीय कुळाच्या जर्मानिक शाखेतील भाषा होय. मुख्यत्वे शिंजियांग प्रांतात बोलली जाणारी उइगुर ही तुर्की कुळातील भाषा. या दोहोंमध्ये आपली मराठी ठेवली असता तुलनेचे मर्म अधिक स्पष्ट होते. उदाहरणांचे लिप्यंतर स्थूल आहे, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

प्रथम शब्द पाहू. डॅनिशमधील ‘तो’, ‘त्रे’, ‘नाव्न’ आणि ‘न्यू’ यांचे अर्थ अनुक्रमे दोन, तीन, नाव आणि नवा असे आहेत. उइगुरमध्ये दोनला ‘इक्कि’ आणि तीनला ‘उच’ म्हणतात. येथे मराठीचे नाते डॅनिशशी आहे, हे उघड आहे. मराठीत तीन लिंगे आहेत. डॅनिशमध्ये पुल्लिंग व स्त्रीलिंग एकत्र होऊन दोनच उरली आहेत. उइगुरमध्ये लिंगभेद मुळातच नाही. तो, ती, ते या तिहींसाठी ‘उ’ हे एकच सर्वनाम पुरते. उलटपक्षी ‘बाजार’, ‘दोस्त’, ‘दुनिया’, ‘हवा’ हे शब्द मराठी व उइगुर या दोहोंत आढळतात. परंतु ते फारसी-अरबीतून दोन्हीकडे आलेले आहेत. उसना शब्द नाते सिद्ध करीत नाही.

आता वाक्यरचनेकडे वळू. ‘आमच्या घरात’ हे डॅनिशमध्ये ‘इ वोरेस हूस’ असे होते. ‘आत’ दर्शविणारा ‘इ’ नामाच्या आधी येतो. उइगुरमध्ये ‘ओयिमिझदे’ या एकाच शब्दात घर, आमचे आणि आत हे तिन्ही अर्थ त्याच क्रमाने जोडलेले असतात. स्थलवाचक घटक मराठीप्रमाणेच शेवटी येतो. डॅनिश प्रधान वाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी राहते. ‘आज’ हा शब्द आरंभी आणला की वाक्याचा क्रम ‘आज वाचले मी पुस्तक’ असा होतो. उइगुरमध्ये मात्र क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या अखेरीस येते.

साम्य एवढ्यावरच थांबत नाही. आपल्या ‘ऊन’ प्रत्ययाचे काम उइगुरमध्ये ‘इप’ हा प्रत्यय करतो. ‘येझिप’ म्हणजे लिहून. त्यास देणे या अर्थाचा धातू जोडला की दुसऱ्यासाठी लिहून देणे, आणि ठेवणे या अर्थाचा धातू जोडला की लिहून ठेवणे असा अर्थ होतो. ‘दे’ म्हणजे म्हणणे. त्यापासून झालेले ‘देप’ हे रूप दुसऱ्याचे बोलणे उद्धृत करताना व कारण किंवा हेतू सांगताना, आपल्या ‘म्हणून’ या शब्दाप्रमाणेच योजले जाते. म्हणजे मराठीचे रक्ताचे नाते डॅनिशशी आणि वाक्याची ठेवण मात्र उइगुरसारखी, असा हा प्रकार आहे.

डॅनिश पंडित रास्मुस रास्क हा १८२० मध्ये मुंबईस आला होता. शब्दांपेक्षा व्याकरणातील जुळणी अधिक विश्वसनीय, असे त्याचे मत होते. मग मराठी व उइगुर एका कुळातल्या मानाव्यात काय? मुळीच नाही. रास्कला अभिप्रेत असलेली जुळणी प्रत्यक्ष रूपांची होती. ‘ऊन’ व ‘इप’ यांचे कार्य एक असले, तरी ध्वनिरूपाने त्यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. साचा सारखा, द्रव्य वेगळे. शिवाय जोसेफ ग्रीनबर्गने १९६३ मध्ये दाखविल्याप्रमाणे क्रियापद अंती ठेवणाऱ्या भाषांत संबंधदर्शक घटक बहुधा नामानंतरच येतात. म्हणून ही दोन साम्ये दोन स्वतंत्र पुरावे ठरत नाहीत. कॉलिन मसिका यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात भारतीय भाषांची अशी अनेक लक्षणे मध्य आशियातील तुर्की भाषांपर्यंत पसरलेली आहेत, हे दाखवून दिले.

तथापि काही लक्षणे सान्निध्याकडे अंगुलिनिर्देश करतात. ऐकणाऱ्यास सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्यास वगळणारे ‘आम्ही’ हा भेद डॅनिशच्या ‘वी’ मध्ये नाही, उइगुरच्या ‘बिझ’ मध्येही नाही. तो द्राविड भाषांत आहे. ‘आपण’ हा शब्द संस्कृत ‘आत्मन्’ पासूनचा. भेदाची कल्पना मात्र शेजाऱ्यांकडून आली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

हा विषय नागपुरात केवळ पुस्तकी नाही. हे नगर देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसविले, आणि गोंडी आजही विदर्भात बोलली जाते. गोंडीतील ‘उंदी’, ‘रंड’, ‘मुंड’ हे एक, दोन, तीन. त्यांपैकी ‘रंड’ची तुलना तेलुगूतील ‘रेंडु’शी करून पाहावी. तिच्यात मराठी-हिंदीचे अनेक शब्द शिरले आहेत, वाक्यही मराठीसारखेच क्रियापदाने संपते. त्यामुळे ती मराठीची एक बोली आहे, असा समज सहज होतो. हा समज म्हणजे उसन्या शब्दांना आणि साच्याला नाते समजण्याची चूक होय. तिचा परिणाम गंभीर आहे : बोली मानल्या गेलेल्या भाषेचे स्वतंत्र व्याकरण लिहिण्याची, त्या भाषेतून मुलांना शिकविण्याची निकड कोणास वाटत नाही. गोंडी अद्याप घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही.

म्हणून अभ्यासकाने प्रत्येक साम्यापुढे तीन प्रश्न ठेवावेत : हे वारशाने आले, उसने आले, की रचनेच्या ओघात स्वतंत्रपणे उद्भवले? ज्यांचे उत्तर देता येत नाही अशी साम्ये नोंदवून ठेवावीत. त्यांवर निष्कर्ष उभारू नये.