समुद्रात पडलेल्या गड्याचा माग

इ. स. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ नावाचे जहाज १०२ उतारू घेऊन इंग्लंडहून अमेरिकेकडे निघाले. वाटेत वादळ झाले. त्या वादळात एक तरुण गडी वर डेकवर आला आणि जहाज कलंडताच समुद्रात फेकला गेला. शिडाचा एक दोर बाहेर लोंबत होता, तो त्याच्या हाती लागला. पाण्याखाली गेला तरी पठ्ठ्याने दोर सोडला नाही. वरच्या माणसांनी ओढून, आकडीने धरून त्याला आत घेतले. त्याचे नाव जॉन हाउलँड. जॉन कार्व्हर नावाच्या गृहस्थाचा तो नोकर होता. पुढे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट, दोघे बुश आणि सिनेनट हम्फ्री बोगार्ट हे सारे त्याच्या वंशात झाले.

राष्ट्राध्यक्षांचा मूळ पुरुष सापडावा यात नवल नाही. मला नवल वाटले ते निराळेच. चारशे वर्षांपूर्वीच्या एका नोकराची इतकी माहिती मिळते कोठून? कारण आमचे पणजोबा खानदेशात सालदार होते. आखाजीला साल ठरायचे, पुढच्या आखाजीला सुटायचे. सातबाऱ्यावर नाव असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सातबारा जमिनीचा असतो, राबणाऱ्याचा नसतो. महाविद्यालयाची पायरी चढलेला आमच्या घरातला मी पहिलाच. माझ्या वंशावळीचा कागद शाळेच्या जनरल रजिस्टरापासून सुरू होतो. म्हणून हाउलँडचा माग कसा काढला गेला, हे मी जरा लोभानेच वाचले.

पहिला कागद विल्यम ब्रॅडफर्डचा. हा वसाहतीचा अनेक वर्षे गव्हर्नर होता. त्याने वसाहतीची हकीकत लिहून ठेवली आणि शेवटी, तीस वर्षांनंतर, जहाजावरच्या माणसांची कुटुंबवार यादी केली. कोण मेले, कोण जगले, कोणाला किती मुले झाली. मालकांबरोबर नोकरांचीही नावे त्याने घातली. या एका गोष्टीसाठी त्या गव्हर्नराला शंभर गुण द्यावेत! पण हे हस्तलिखित अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात बॉस्टनहून नाहीसे झाले. पुढे ते लंडनच्या बिशपच्या फुलहॅम येथील ग्रंथालयात सापडले, १८५६ साली संपूर्ण छापले गेले आणि मूळ प्रत १८९७ साली अमेरिकेला परत मिळाली.

ते छापले जाईपर्यंत हाउलँडचे वंशज समजत होते की आपल्या मूळ पुरुषाची बायको ही गव्हर्नर कार्व्हरची मुलगी. तसे दगडावर कोरून प्लिमथच्या टेकडीवर त्यांनी स्मारकही उभारले होते. ब्रॅडफर्डच्या यादीने सांगितले की ती कार्व्हरची कोणीच नव्हती. ती एलिझाबेथ टिली; त्याच जहाजातून आईबापांबरोबर आलेली तेराएक वर्षांची पोर. पहिल्याच हिवाळ्यात तिचे आईबाप, चुलता, चुलती असे सगळे गेले आणि ती एकटी उरली. जहाजातली जवळजवळ निम्मी माणसे त्या हिवाळ्यात दगावली. वसंत ऋतूत कार्व्हरही वारला आणि नोकराला मालक उरला नाही. पोरक्या मुलीशी नोकराने लग्न केले, ही गोष्ट गव्हर्नरच्या मुलीपेक्षा मला मोठी वाटते. पण नातवंडा-पतवंडांना मोठे सासर हवे असते. आपल्याकडेही मूळ पुरुष शोधायला निघालेल्या बहुतेकांचे सरदारच निघतात, गडी कोणाचाच निघत नाही.

लग्नाची तारीख मिळत नाही. मग अभ्यासक कागदांच्या दोन टोकांत ती धरतात. १६२३ साली जमिनीची वाटणी झाली, त्यात हाउलँडच्या नावावर चार एकर आहेत. १६२७ साली गुरांची वाटणी झाली. गुरे थोडी, माणसे फार. म्हणून वसाहतीचे बारा गट पाडले आणि प्रत्येक गटातली नावे, अगदी तान्ह्या मुलांसकट, लिहून काढली. चौथ्या गटात जॉन हाउलँड, बायको एलिझाबेथ, मुलगी डिझायर आणि मुलगा जॉन आहेत. म्हणजे लग्न त्याआधी काही वर्षे झालेले. या तेरा जणांच्या गटाला एक कालवड आली. तिचे नाव रॅगहॉर्न. कालवडीचेसुद्धा नाव राहिले!

यापुढे कागद वाढत जातात, कारण माणूस वाढत गेला. वसाहतीचे कर्ज फेडण्याची जबाबदारी ज्या मोजक्या लोकांनी अंगावर घेतली त्यांत तो आहे. १६३४ साली केनेबेक नदीवरच्या व्यापारी ठाण्याचा तो प्रमुख होता. तिथे हॉकिंग नावाच्या दुसऱ्या वसाहतीच्या माणसाने हक्क मोडून वर नाव नेली. हाउलँडने तिचे दोर कापायला माणसे पाठवली आणि त्या झटापटीत दोन्हीकडचा एकेक ठार झाला. जहाजाच्या दोराने वाचलेल्या माणसाच्या हुकमाने दोर कापताना माणसे मरावीत, हा योगायोग कादंबरीत कोणाला पटला नसता.

त्याचा इंग्लंडमधला मूळ ठिकाणा मात्र सरळ सापडला नाही, आडवाटेने सापडला. हम्फ्री हाउलँड नावाच्या लंडनमधल्या कापडव्यापाऱ्याच्या मृत्युपत्रात जॉन, आर्थर आणि हेन्री या भावांची नावे आहेत, आणि आर्थर व हेन्री हेही मागाहून प्लिमथ वसाहतीत आलेले. त्या धाग्याने हंटिंग्डनशायरमधल्या फेनस्टँटन गावापर्यंत जाता आले. सरळ पूर्वज सापडेना, तर त्याचे भाऊबंद शोधावेत, ही युक्ती आपल्यालाही उपयोगी आहे.

आणखी एक खाचखळगा कालगणनेचा. त्या काळी इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदलत असे. १७५२ पासून ते १ जानेवारीला बदलू लागले. हाउलँडचा मृत्यू दप्तरात २३ फेब्रुवारी १६७२ असा आहे, पण आपल्या हिशेबाने ते साल १६७३ होते. पाडव्याला शक बदलणाऱ्या आपल्या माणसांना हे समजायला जड जाऊ नये. मरताना त्याचे वय ऐंशीच्या वर होते असे दप्तर सांगते. त्यावरून त्याचा जन्म १५९२ च्या सुमाराचा धरतात. दहा मुले झाली, दहाही जगली, लग्ने होऊन संसाराला लागली. त्या काळात हे दुर्मीळच.

एवढे वाचल्यावर एक गोष्ट मात्र खटकत राहते. ही वसाहत पॅटक्सेट नावाच्या वांपानोआग लोकांच्या गावठाणावर वसली. १६१६ ते १६१९ च्या साथीत ते गाव ओस पडले होते. रॅगहॉर्न कालवडीचे नाव आपल्याला ठाऊक आहे. त्या गावच्या माणसांपैकी टिस्क्वांटमखेरीज आणखी किती नावे इंग्रजांच्या दप्तरात आली?

आपल्याकडे सालदाराचे नाव मिळण्याची एक जागा आहे, ती कोतवाल बुक. गावातले जन्म-मृत्यू त्यात नोंदले जात. जमीन असो वा नसो. ही जुनी बुके तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात आणि अर्ज केल्यास नक्कल मिळते. आजीला पणजोबांच्या मृत्यूचे साल सांगता येत नाही. आखाजीच्या आधी, थोरल्या आत्याचे लग्न झाल्यावर आणि माझ्या वडिलांच्या जन्मापूर्वी, एवढे ती ठामपणे सांगते. दोन्ही टोके धरून पाच वर्षे निघाली. त्या पाच वर्षांच्या नकलेसाठी मी अर्ज दिला आहे.